पंतोजींची पारख

श्रोतेहो, कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक मुलगी संध्याकाळच्या वेळीं आईसह आमच्या घरीं आली. तिच्या हातांत एक पत्र होतें. एका खाजगी शाळेंत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी होती. सरकारी चाचणींतील गुणांवरून तिचें नांव त्या शाळेकडे गेलें होतें, आणि आतां प्रत्यक्ष मुलाखतीचें बोलावणें आलें होतें. जुनीं शैक्षणिक दप्तरें चाळण्यांत माझें बरेंच आयुष्य गेलें हें तिच्या आईस ठाऊक. तेव्हां "हिनें काय वाचून जावें, एवढें सांगा" असा त्या बाईंचा साधा प्रश्न होता. त्या रात्रीं मला धड उत्तर देतां आलें नाहीं. काय वाचावें हें सांगणें सोपें होतें; पण समोर बसलेलीं दोन-तीन माणसें तिच्यांत काय शोधतील, आणि जें शोधतील तें त्यांना सांपडेल कसें, हें मलाच नीटसें सांगतां येईना.

वकिलाची परीक्षा कोर्टांत होते, वैद्याची रोग्याच्या खाटेजवळ होते. शिक्षकाच्या कामाचें फळ दिसावयास दहा-वीस वर्षें जावीं लागतात, आणि त्याची निवड मात्र दहा-वीस मिनिटांत करावी लागते. ही अडचण आजची नव्हे. गेल्या दोनशे वर्षांत आपल्या महाराष्ट्रानें ती सोडविण्याचे नाना मार्ग काढून पाहिले. त्यांतल्या कांहींची हकीकत आज आपल्यापुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे. त्या मुलीलाहि मीं शेवटीं हेंच सांगितलें.

इंग्रजी अंमलापूर्वीं गांवोगांवीं ज्या शाळा चालत, त्यांस सरकारी शाळाखातें असें कांहीं नव्हतें. देवळाचा सभामंडप, नाहींतर एखाद्या सावकाराची पडवी, हीच शाळा. आणि पंतोजी हाच तिचा चालक, शिक्षक आणि शिपाई. या पंतोजीस अर्ज करावा लागत नसे कीं दाखला दाखवावा लागत नसे. परंतु म्हणून त्याची पारख होत नसे, असें मात्र कोणीं समजूं नये. मुलाचा बाप त्याच्या हातची मोडी पाही. अक्षर वळणदार आहे कीं नाहीं, ओळ सरळ जाते कीं नाहीं, पत्र लिहितांना मायना चुकत नाहीं ना, एवढें पाहिलें म्हणजे अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी हिशेबाची. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे ज्याच्या जिभेवर खेळत असतील, आणि बाजारांतला व्यवहार जो तोंडीं सोडवून देईल, तो पंतोजी पसंत पडे. वेतन म्हणजे कोणी शिधा द्यावा, कोणी धान्य द्यावें, सणावारीं कोणी कांहीं हातावर ठेवावें. ज्याच्या घरचें धान्य पंतोजीच्या पोटांत जाई, तोच त्याचा परीक्षक असे. मुलाला पत्र वाचतां येईना किंवा हिशेब जमेना, तर दुसऱ्या वर्षीं धान्य बंद. अशी नित्य चालणारी मुलाखत आजच्या कोणत्याहि संस्थेंत होत नसेल.

पण या पारखींत एक मोठी खोट होती. पंतोजीस काय येतें एवढेंच पाहिलें जाई. जें येतें तें मुलाच्या डोक्यांत कसें उतरवावें, याचा विचार कोणाच्याहि मनांत येत नसे. उतरविण्याचें साधन एकच, आणि तें पंतोजीच्या हातांत असे. मुलें धुळपाटीवर अक्षरें गिरवीत, संध्याकाळीं परवचा म्हणत, आणि पुष्कळांचें शिक्षण तेथेंच संपे. शिवाय ज्यांच्या घरचें धान्य पंतोजी घेतच नसे, अशीं कितीतरी घरें गांवाच्या कडेला होतीं. त्यांना त्याची पारख करण्याचा अधिकारच नव्हता. मुलींचीहि तीच गत. पंतोजी चांगला कीं वाईट, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोंचलाच नाहीं.

पेशवाई गेल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबांच्या कारकीर्दींत, १८२२ सालीं, मुंबईस एक मंडळी स्थापन झाली. पुढें ती बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. गणिताचीं पुस्तकें मराठींत आणण्याचें यांचें काम गणितप्रेमी वाचकांस माहीत असेलच. या मंडळीच्या लक्षांत एक गोष्ट लौकरच आली: पुस्तकें छापून भागत नाहीं, तीं शिकविणारा माणूस आधीं तयार केला पाहिजे. १८२६ च्या सुमारास मंडळीनें तयार केलेले चोवीस शिक्षक मराठी व गुजराथी मुलखांत शाळा उघडण्यास रवाना झाले. आपल्याकडे शिक्षक 'तयार करून' पाठविण्याची ही बहुधा पहिलीच मोठी खेप. चोवीस ही संख्या आज हास्यास्पद वाटेल. पण हे चोवीस लोक गांवांत शिरले तेव्हां एक जुना संबंध तुटला. आतां मास्तर गांवाचा राहिला नाहीं, तो मुंबईचा कागद घेऊन आलेला माणूस झाला. त्याचें अक्षर आवडलें नाहीं म्हणून धान्य बंद करण्याची सोय उरली नाहीं. त्याचा परीक्षक आतां ओसरीवर नव्हता, कचेरींत होता.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें, ही युक्ति त्या काळीं विलायतेहून आलेली नवी सुधारणा म्हणून वाखाणली जाई. पण ती विलायतेस गेली कोठून? अँड्र्यू बेल नांवाचे एक पाद्री मद्रासजवळ एगमोर येथें अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहत होते. देशी शाळेंतलीं मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितात, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. तीच रीत आपल्या शाळेंत आणून त्यांनीं मुलांकडून मुलांस शिकविण्याचा प्रयोग केला, आणि १७९७ सालीं त्यावर लंडनांत पुस्तक छापलें. लँकॅस्टर साहेबांनीं अशाच पद्धतीचा तिकडे गाजावाजा केला. म्हणजे आमच्याच अंगणांतली वाळू समुद्रापलीकडे जाऊन, साहेबी टोपी घालून परत आली, आणि आम्हीं तिला मुजरा केला.

पुढें १८४५ सालीं मुंबईस शिक्षक तयार करण्याचा 'नॉर्मल क्लास' निघाला आणि त्याची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. दुर्दैवानें दुसऱ्याच वर्षीं बाळशास्त्री वारले. १८५४ चा वूड साहेबांचा खलिता आला, शिक्षणखातें निर्माण झालें, पुण्यास ट्रेनिंग कॉलेज उभें राहिलें. तेथें कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा रसिक आणि बहुश्रुत पंडित १८६५ च्या सुमारास प्रमुखाच्या जागीं होता. शिक्षकांसाठीं 'शालापत्रक' निघत होतें. तें आडगांवच्या एकट्या मास्तरास सोबतीसारखें वाटत असेल, अशी माझी कल्पना आहे. परंतु ट्रेनिंग कॉलेजांत जागा थोड्या आणि शाळा पुष्कळ. तेव्हां खात्यानें दुसरा सोपा मार्ग धरला. तो मार्ग परीक्षेचा.

मराठी सहाव्या इयत्तेची 'पब्लिक सर्व्हिस' परीक्षा उतरली म्हणजे लहानसहान सरकारी नोकरीचें, आणि त्यांतहि शाळामास्तरकीचें, दार उघडे. कोंकणांतल्या व देशावरच्या गरीब घरांतून त्या परीक्षेस काय मोल होतें, हें आज समजणें कठीण आहे. तिची तयारी म्हणजे घरच्या दारिद्र्यांतून वर येण्याची एकच शिडी. या परीक्षेची एक कहाणी महर्षि अण्णासाहेब कर्व्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविली आहे. तें पुस्तक १९१५ सालीं निघालें, आणि आपणांपैकीं पुष्कळांनीं ती कहाणी वाचली असेल. तरीहि ती पुन्हां सांगण्याजोगी आहे. कारण शिक्षक होऊं इच्छिणाऱ्या उमेदवाराची इतकी दीर्घ तयारी आणि इतकी अल्प मुलाखत दुसरीकडे माझ्या पाहण्यांत नाहीं.

अण्णासाहेब मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. गांव समुद्रकांठीं. परीक्षेचे दिवस पावसाळ्याचे. मुंबईस जावें तर समुद्र खवळलेला, गलबतें बंद. परीक्षेचें दुसरें ठिकाण सातारा. सातारा आणि मुरूड यांच्यामध्यें सह्याद्रि उभा. साल १८७५ च्या आसपासचें. कर्व्यांचें वय १७. कांहीं सोबत्यांसह पाठीवर वळकटी बांधून हा मुलगा पायीं निघाला. वाट शंभराहून अधिक मैलांची. चिपळुणावरून कुंभार्ली घाट चढावयाचा, पाटणच्या बाजूनें उतरावयाचें, आणि मग साताऱ्याची वाट धरावयाची. पावसांत घाटाच्या वाटेचें काय होतें, हें ज्यांनीं त्या बाजूचा प्रवास केला आहे त्यांस सांगावयास नको. ओढे फुगलेले, पायाखालीं निसरडें, अंगावरचे कपडे वाळावयास उसंत नाहीं. दिवस मोजके, आणि परीक्षेची तारीख कोणासाठीं थांबणारी नव्हे. त्या वाटेनें चालतांना हीं पोरें मनांतल्या मनांत व्याकरणाचे नियम घोळवीत असतील, त्रैराशिकें सोडवीत असतील. निदान मला तरी तसें दिसतें.

सातारा आला. परीक्षा-मंडळीपुढें एकेकास उभें करण्यांत आलें. परीक्षेस बसण्यास १७ वर्षें पुरीं झालेलीं असावीं, असा नियम होता. कर्व्यांची अंगकाठी लहान. मंडळीच्या प्रमुखांनीं त्यांच्याकडे पाहिलें. हा मुलगा तेवढ्या वयाचा दिसत नाहीं, असा निकाल दिला. आणि त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. सोबती आंत गेले, हे बाहेर राहिले. व्याकरणाचा एक प्रश्न नाहीं, हिशेबाचें एक उदाहरण नाहीं. डोंगर ओलांडून आलेल्या उमेदवाराची मुलाखत एका नजरेंत संपली.

श्रोतेहो, त्या मंडळीवर रागावणें सोपें आहे. पण त्यांचा नियम कांहीं वेडगळ नव्हता. तेरा-चौदा वर्षांचीं पोरें मास्तर म्हणून नेमलीं जाऊं नयेत, एवढाच त्याचा हेतु असावा, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे. चूक झाली ती अशी कीं, जें मोजावयाचें होतें तें मोजण्यास अवघड, म्हणून जें डोळ्यांस सहज दिसलें तेंच मोजण्यांत आलें. ही चूक करणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेहि नव्हेत. मीं स्वतः एका शाळेच्या निवड-मंडळांत कांहीं वर्षें बसलों आहें. उमेदवाराचा आवाज मोठा आहे कीं नाहीं, हें आम्हीं प्रत्येक वेळीं टिपून ठेवीत होतों; त्याला मुलाचें म्हणणें ऐकूं येतें कीं नाहीं, हें टिपण्याचें आम्हांस एकदांहि सुचलें नाहीं.

कर्वे घरीं परतले. पुढल्या वर्षीं कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा त्यांनीं दिली आणि ते उतरले. पण तेथें ते थांबले नाहींत. इंग्रजी शिकले, मुंबईस गेले, १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित घेऊन पदवीधर झाले. त्यांची आणखी एक मुलाखत पुढें सांगावयाची आहे. तूर्त त्यांना मुंबईच्या शाळांतून गणित शिकवीत ठेवून आपण १८८२ सालाकडे वळूं.

त्या वर्षीं हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेलें शिक्षण-कमिशन देशभर फिरून साक्षी घेत होतें. शिक्षक कोणास करावें, या प्रश्नावर आपल्या मुलखांतून दोन साक्षी अशा पडल्या कीं, त्यांपुढें पुष्कळशीं सरकारी पत्रकें फिकीं वाटतात. पहिली जोतीराव फुले यांची. जोतीरावांस शिक्षक निवडण्याचा अनुभव घरचाच होता. १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां तयार शिक्षिका मिळणार कोठून? त्यांनीं सावित्रीबाईंना स्वतः शिकविलें आणि वर्गावर उभें केलें. सावित्रीबाईंची मुलाखत कोणत्याहि मंडळीनें घेतली नाहीं. ती रस्त्यावरच्या लोकांनीं शेण आणि चिखल फेंकून रोज घेतली. शाळेच्या वाटेवर लुगडें खराब होई, म्हणून त्या दुसरें लुगडें बरोबर नेत, असें सांगतात. पुढें या शाळांच्या जाहीर परीक्षा झाल्या, मोठमोठे लोक पाहावयास आले, आणि १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें जोतीरावांचा सत्कार झाला. मुलींची परीक्षा हीच तेथें शिक्षकांची परीक्षा होती. याहून प्रामाणिक पद्धत मला तरी ठाऊक नाहीं.

असा अनुभव गांठीं असलेला मनुष्य कमिशनपुढें काय म्हणाला? प्राथमिक शाळांतले शिक्षक शिकून तयार झालेले असावेत. होतां होईल तों ते शेतकरी वर्गांतून घ्यावेत. कारण मुलांच्या घरचीं सुखदुःखें त्यांस कळतात आणि लोकांत त्यांना मिसळतां येतें. प्रसंग पडला तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातीं धरण्याची ज्यास लाज वाटणार नाहीं, असा शिक्षक त्यांना हवा होता. त्याच्या अभ्यासक्रमांत शेतीचें आणि आरोग्याचें ज्ञान असावें, आणि दाखला मिळविलेल्या शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेंहि त्यांनीं मागितलें. ही मागणी बारकाईनें पाहण्यासारखी आहे. पंतोजीच्या काळीं लोक त्याचें अक्षर पाहत. खात्याच्या काळीं परीक्षक त्याचे गुण पाहूं लागले. जोतीराव त्याचे हात पाहत होते. ज्या मुलांस शिकवावयाचें त्यांच्या घरांत हा माणूस संकोच न बाळगतां बसूं शकेल कां, हा त्यांचा मुलाखतींतला पहिला प्रश्न झाला असता. ब्राह्मण शिक्षक बहुजनांच्या मुलांपासून दूर राहतो, अशी त्यांची स्पष्ट तक्रार होती. ती त्या वेळच्या पुष्कळांस झोंबली. पण शाळेच्या ओसरीवर कोणतीं मुलें बसत आणि कोणतीं बाहेर उभीं राहत, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास ती खोटी म्हणतां आली नसती.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची. त्यांची साक्ष स्त्री-डॉक्टरांच्या मागणीमुळें अधिक गाजली. पण शिक्षिकांविषयीं त्यांनीं जें सांगितलें तेंहि तितकेंच मोलाचें. ज्या स्त्रियांस शिकविण्याचें काम करावयाचें त्यांस त्यासाठीं खास शिक्षण मिळावें. आपली स्वतःची भाषा त्यांस शुद्ध यावी आणि इंग्रजीहि यावी. आणि त्यांस वेतन चांगलें असावें. स्वतःची भाषा शुद्ध यावी, ही अट रमाबाईंनीं घालावी यांत नवल नाहीं. पण ती अट आज आमच्या मुलाखतींतून जवळजवळ नाहींशी झाली आहे, हें मात्र नवल आहे. पुण्यास स्त्री-शिक्षिकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज त्याआधींच, १८७० च्या सुमारास, निघालेलें होतें. विलायतेंतल्या मेरी कार्पेंटर बाईंनीं १८६६ सालीं हिंदुस्थानांत येऊन ज्या कामाचा आग्रह धरला, त्याचेंच तें फळ.

आतां पुण्यांतली दुसरी बाजू. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें. लौकरच आगरकर येऊन मिळाले. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. येथें शिक्षक निवडण्याची तऱ्हा अगदीं उलट होती. येथें प्रश्न 'तुला काय येतें' हा नसून 'तूं किती सोडण्यास तयार आहेस' हा होता. आजीव सभासदानें वीस वर्षें संस्थेस वाहून घ्यावयाचीं आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर समाधान मानावयाचें. वकिली किंवा सरकारी नोकरी करूं शकणाऱ्या पदवीधरास हा आंकडा वाचूनच आपली मुलाखत स्वतःशीं घेतां येत असे. बहुतेक तेथेंच नापास होत, आणि संस्थेचे श्रम वांचत. जे आंत आले त्यांस वाटेल तें शिकवावें लागे. गोपाळराव गोखल्यांनीं गणित, इंग्रजी, इतिहास, जो विषय पुढें आला तो शिकविला; 'मागाल तो विषय शिकविणारे प्रोफेसर' अशी त्यांची थट्टाहि होत असे. त्यागाची ही कसोटी भव्य होती खरी. पण मला तीबद्दल एक शंका नेहमीं येते. त्यागी मनुष्य चांगला शिक्षक असतोच असें नाहीं; आणि ज्याच्या घरीं चार तोंडें उपाशी आहेत, त्यास त्यागाची परीक्षा देण्याचीच ऐपत नसते. जोतीरावांनीं बारा रुपये मागितले ते याचसाठीं.

१८९० सालीं टिळक सोसायटी सोडून गेले. गणिताची जागा रिकामी झाली, आणि १८९१ सालीं गोखल्यांनीं मुंबईंत शिकवीत असलेल्या एका परिचिताला आमंत्रण पाठविलें. ते म्हणजे आपले कर्वे. अर्ज नाहीं, मंडळापुढें उभें राहणें नाहीं. ज्या मनुष्याचें काम वर्षानुवर्षें पाहिलें आहे त्यास बोलावून घ्यावयाचें, एवढेंच. १८९२ सालीं ते आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत तेथें राहिले. साताऱ्यास एका नजरेंत नाकारलेला उमेदवार पुण्यास एका पत्रानें स्वीकारला गेला. अर्थात् ही पद्धतहि निर्दोष नव्हे. ओळखीच्याच माणसाचें काम दिसतें. ज्याची कोणाशींहि ओळख नाहीं तो कितीहि चांगला शिकवो, त्याला पत्र कोण धाडणार?

१९०६ सालीं मुंबईस माध्यमिक शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज निघालें. ट्रेनिंग कॉलेजांतून 'पाठ' ही संस्था रुजली. जर्मन पंडित हर्बार्ट आणि त्याचे शिष्य यांच्या पायऱ्यांची पंचपदी, पाठाचें टांचण, फळ्यावरचें लेखन, मागच्या बांकावर बसून टीका लिहिणारे सोबती, या साऱ्याची पुढें यथेच्छ चेष्टा झाली. कांहीं अंशीं ती योग्यहि होती; टांचणाप्रमाणें मुलांनीं उत्तर दिलें नाहीं तर घाम फुटणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. तथापि उमेदवारास प्रत्यक्ष मुलांपुढें उभें करून पाहावें, ही गोष्ट पाठानेंच शिकविली. १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे गेल्या, आणि निवडीच्या वेळीं पाठापेक्षां चिठ्ठीस मोल आलें. त्या काळच्या वशिल्याच्या गोष्टी घरोघर ऐकूं येत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाहीं. १९३८ सालीं सरकारनें अधिकार पुष्कळसे परत घेतले. १९४७ चा कायदा त्यानंतरचा. चिठ्ठीचा रोग हटविण्यासाठीं पुन्हां लेखी परीक्षेचें औषध काढावें, हें ओघानेंच आलें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानंतर पात्रता-परीक्षा आली, महाराष्ट्रांत ती २०१३ पासून. २०१७ सालीं अभियोग्यता-चाचणी आणि 'पवित्र' नांवाची संगणकावरची भरती आली. खाजगी संस्थेनें मुलाखतीसह उमेदवार मागितले, तर मुलाखत आणि अध्यापनकौशल्य यांस मिळून ३० गुण. तेवढ्या ३० गुणांच्या फटींतून पंतोजीची ओसरी अजून थोडी दिसते.

हें सारें ऐकून त्या मुलीची आई कंटाळली असावी. मुलगी मात्र वही घेऊन बसली होती. शेवटीं मीं तिला इतकेंच म्हटलें कीं, शाळेच्या आसपास एकदां हिंडून ये, मुलांचे आईबाप काय काम करतात तें पाहा. आणि एकच पाठ तयार कर, पण त्यांत मुलें कोणत्या चुका करतील त्या आधीं लिहून काढ. बरोबर उत्तरें पुस्तकांत आहेतच.

परवां ती भेटून गेली. तिला सहावीचा वर्ग दिला होता आणि विषय अपूर्णांकांची बेरीज. पाव भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून किती, असें तिनें विचारलें. एका मुलानें वरचे आंकडे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवून दोन-षष्ठांश असें उत्तर दिलें. ही चूक तिच्या वहींत पहिल्याच ओळीला होती. 'चूक' असें न म्हणतां तिनें त्यास विचारलें, दोन-षष्ठांश भाकरी मोठी कीं अर्धी मोठी? मुलानें फळ्यावर भाकरी काढली, तिचे सहा वांटे केले, दोन रंगविले, आणि अर्ध्या भाकरीत आणखी पाव घालून ती लहान कशी झाली म्हणून स्वतःच हंसूं लागला. मंडळांतल्या एका बाईंनीं तेवढ्यांत कांहीं टिपून घेतलें.

मग खोलींत प्रश्न झाले. पुष्कळसे नेहमींचेच. शेवटीं एका वयस्क गृहस्थांनीं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलें आणि म्हटलें, "तुम्ही फार लहान दिसतां. दहावीचीं मुलें तुम्हांला आवरतील कां?" तिला एकदम सातारा आठवला, आणि हंसूं दाबतां दाबतां पुरेवाट झाली. काय उत्तर दिलेंस, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "वय सांगितलें. सव्वीस." निकालाचें पत्र अद्याप आलेलें नाहीं.